दिगूची 'वाया' फाईल

आमच्या दिगूला, माझ्या धाकट्या भावाला, टाकणं म्हणून माहीत नाही. लहानपणी फुटक्या पाट्यांचे तुकडे उशाखाली ठेवायचा, आता पंचेचाळिशीत फायली ठेवतो. लांज्याच्या टेकडीवरच्या विषसंशोधन केंद्रात तो मोठा शास्त्रज्ञ आहे. तिथली खानावळ माझी, त्यामुळे त्याचं मोठेपण मी रोज जवळून बघते.

तिथे तीनशे संगणक एकत्र बांधून एक जोडसंगणक केलाय. त्याचा माहितीसाठा गळ्यापर्यंत भरला होता. फुरशाच्या विषावरच्या नव्या औषधाचं शेवटचं गणित नुसतं जागेपायी अडलं होतं. भातकापणीत बायांच्या हाताला फुरसं डसतं आणि दिगूचं जुनं औषध निम्म्या जणींना लागूच पडत नाही. कापणी अडीच महिन्यांवर आली होती.

साठा सांभाळणारी शरयू जेवता जेवता वैतागली. "नको ते पुसा म्हटलं, तर सगळ्यांनी सगळ्याच फायलींवर 'अत्यावश्यक' लिहून दिलं! काकी, तुम्ही घर कसं आवरता हो?"

"कुणाला विचारत नाही," मी म्हटलं. "बोहारणीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं आधी गुपचूप पलंगाखाली सरकवते. महिन्याभरात ज्याची हाक येते ते परत कपाटात. बाकीच्याचं पातेलं घेते."

शरयूचा घास हातातच राहिला. "म्हणजे गरज विचारायचीच नाही. उणीव मोजायची!"

"पण फाईल हलवली तर लगेच कळेल," शेजारच्या ताटावरून दिगू म्हणाला.

"नाही कळणार, सर. यादीत नाव तसंच राहील, आतला माल शेजारच्या केंद्राच्या साठ्यात जाईल. महिनाभर उसना देतील ते. कुणी फाईल उघडायला गेलं की क्षणात परत आणायची आणि हाक नोंदवायची. माणूस मागो नाहीतर एखादं चालू गणित मागो, हाक ती हाक. तीस दिवसांत एकही आली नाही, तर कायमची पुसायची."

तिने तसा कार्यक्रम लिहिला आणि नाव ठेवलं 'बोहारीण'.

दिगू तिच्या मागे मागे. "माझी 'सुवर्ण' तेवढी सोड हं. 'वाया' खुशाल ने."

'सुवर्ण' म्हणजे पहिल्या औषधाचं गणित, ज्यावर त्याला दिल्लीत बक्षीस मिळालं. त्याच्या पाच प्रती ठेवल्या होत्या साहेबांनी. 'वाया'त त्यानंतरच्या नऊ वर्षांचे फसलेले प्रयोग. त्याचं नाव काढलं तरी हा मान खाली घालायचा.

"बोहारीण कुणाची चिठ्ठी घेत नाही, सर," शरयू म्हणाली.

"'सुवर्ण' शेवटची कधी उघडली होतीस रे?" मी विचारलं.

"उघडायची कशाला? मला पाठ आहे ती."

तिसाव्या दिवशी सगळे पडद्यासमोर जमले. मीही पदराला हात पुसत गेले. शरयूने वाचलं, "'सुवर्ण', पाचही प्रती. हाका शून्य. पुसली. नव्या गणिताला लागते त्याच्या दुप्पट जागा मोकळी." मग तिने पुढची ओळ पुन्हा तपासली. "'वाया'. हाका चार हजार दोनशे."

दिगूचा चेहरा पांढरा पडला. "'वाया' कोण मागतंय?"

"नव्या गणिताची पूर्वतयारी. औषधाचा प्रत्येक रेणू जोडण्याआधी ती बघते, या वाटेने कुणी आधी आपटलंय का. तुम्ही आपटलेले दिसलात की वाट बदलते. 'वाया' पुसली असती तर ती नऊ वर्षं परत चालावी लागली असती, सर. कापणीच्या आधी कसलं औषध!"

"आणि 'सुवर्ण'?"

"तिचं उत्तर बाटलीत भरून झालंय. परत तिच्याकडे जायचं कारणच पडलं नाही कुणाला."

तिने कळ दाबली. पलीकडच्या खोलीतले पंखे घुमायला लागले, गणित सुरू झालं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझा शास्त्रज्ञ बक्षीस हरवल्यासारखा खुर्चीत बसलेला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "दिगू, तुला ठेवायचं काय आणि टाकायचं काय हे या जन्मी कळायचं नाही. पण चुकलास ते नीट लिहून चुकलास, एक चूक लपवली नाहीस. त्या बक्षिसाच्या दिवशी मी पेढे वाटले होते ना? ते आज वाटायला हवे होते."