चष्म्याबाहेरची मनस्विनी

अरुंद दारात दोघं समोरासमोरून एकाच वेळी शिरले आणि अडकले.

श्रीरंगच्या हातात नळ्यांचं वेटोळं, मनस्विनीच्या हातात मेथीच्या रोपांचा ट्रे. तो डावीकडे सरकला, तर तीही त्याच बाजूला. तो उजवीकडे... तीही!

"तुम्ही आधी—" तो पुटपुटला.

"अरे, तू एका जागी थांब ना! मी जाते," ती हसत म्हणाली. "आणि अहो-जाहो कशाला? सहा महिने एकाच डब्यात राहायचंय आपल्याला."

त्यावर बोलायला त्याला पुष्कळ सुचलं. पण ती निघून गेल्यावर.

हा डबा म्हणजे 'पैलतीर'. ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानाची सरावासाठी बांधलेली हुबेहूब प्रतिकृती. बिडकीनच्या पुढं, कारखान्यांच्या नव्या शेडी संपतात तिथं, माळावर ती उभी होती. आत चार माणसं आणि दार बंद. खिडक्यांच्या जागी पडदे, पडद्यांवर तारे. बाहेर सलग दुसऱ्या वर्षीचा दुष्काळ होता. आत घामाचा थेंबही गाळून पुन्हा प्यायचा. ते काम श्रीरंगचं. रोपं मनस्विनीची. यंत्रं सुयश बघायचा, आणि कप्तान होत्या तबस्सुम मॅडम. त्यांना सगळे आपा म्हणत. एक नियम मात्र कडक होता: मधेच दार उघडलं, तर सराव तिथंच संपला. सगळ्यांचाच.

श्रीरंग गारखेड्याचा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. जेवताना मीठ पलीकडे असलं, तर मागण्यापेक्षा तो भाजी अळणीच खायचा.

मन रमावं म्हणून प्रत्येकाला रोज थोडा वेळ व्हीआर चष्मा मिळे. सुयश त्यात क्रिकेट खेळायचा, आपा डोंगर चढायच्या. श्रीरंगनं मात्र आपलं स्वतःचं जग रचलं. हर्सूलचा तलाव, काठोकाठ भरलेला. ओलसर वारा, बगळे... आणि काठावर बसलेली एक मुलगी. आधी तिला चेहरा नव्हता. मग एके दिवशी ती मनगटानं केस मागं सारू लागली. हात मातीनं भरले की मनस्विनी सारायची, अगदी तसे. मग तिला मनस्विनीचं हसू आलं, मग डोळे.

आणि तिथं श्रीरंग काय बोलायचा! कोट्या करायचा, गाणी म्हणायचा, तिला चिडवायचासुद्धा. चष्मा काढला की यानाच्या भिंती अंगावर यायच्या. म्हणून तो काढायला उशीर करू लागला.

"इतकं काय आहे रे तिथं?" मनस्विनीनं एकदा विचारलं. "मला दाखव ना."

"नको... म्हणजे... बिघडलाय तो."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, ठाऊक आहे?"

"कसं ठाऊक असणार... मला माझे कान दिसत नाहीत."

ती खळखळून हसली. चष्म्याबाहेर त्यानं कुणाला हसवलं, ते पहिल्यांदाच. त्या हसण्याच्या धुंदीत त्यानं चष्मा तिच्या हाती दिला. मागाहून त्याला आठवलं, तलावाकाठी कोण बसलंय ते.

"अगंबाई, केवढं पाणी!" तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू ओठ मिटत गेले. तिनं चष्मा काढला.

"ती... मी आहे?"

"हो... नाही... म्हणजे, हो."

"तुझ्या प्रत्येक वाक्याला हसते ती. कंटाळत नाही, चिडत नाही, तुला कधी खोडून काढत नाही. मी अशी आहे का, श्रीरंग?"

"नाही."

"मला न विचारता मला तिथं नेलंस. आणि त्यातही माझं निम्मं इथंच टाकून गेलास."

ती निघून गेली.  श्रीरंगनं चष्म्यातली ती मुलगी पुसून टाकली. पुसताना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तो रोपांपाशी गेला. "चुकलं माझं. पुसली मी तिला. माफ कर असं म्हणत नाही... फक्त सांगायला आलो."

 मनस्विनीनं एक ट्रे त्याच्याकडे सरकवला. "धर हे. हलवू नकोस."

तो धरून उभा राहिला. रोज उभा राहू लागला. आधी गप्प, मग एखादं वाक्य, मग अडखळत दोन. ठेच्यात लसूण किती घालायचा यावर त्यांचं भांडणसुद्धा झालं आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. श्रीरंगला तो दिवस फार आवडला. गंगापूरच्या घरी तिची आई एकटीच असते, शाळेत शिकवते, हेही त्याला याच दिवसांत कळलं.

महिनाभरच उरला होता, तेव्हा बाहेरून निरोप आला. पाण्याची बादली जिन्यावरून नेताना मनस्विनीची आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं.

आपांनी सगळ्यांना बोलावलं. "दार उघडलं तर सगळ्यांची मेहनत वाया जाईल. मी एकटी ठरवणार नाही. बोला."

सुयश जमिनीकडे बघत राहिला.

"मी थांबते," मनस्विनी म्हणाली. "मावशी आहे तिथं." पण तिचा आवाज तिचा वाटतच नव्हता.

श्रीरंगला कळत होतं, दार उघडलं की ती जाणार. हे जेवणाचं टेबल, हे ट्रे, ही भांडणं, सगळं संपणार. तरी तो उठला. 

"दा... दार उघडा, आपा. ती थांबते म्हणतेय, कारण आपण सगळे इथं बसलोय. तिला जायचंय. सराव मोडला तर माझ्यामुळं मोडला म्हणा... पण उघडा."

आपा वळल्या. "सुयश?"

सुयशनं मान डोलावली. "उघडा."

दार उघडलं. डोळे दिपवणारं ऊन आत आलं. मनस्विनी पिशवी घेऊन धावत जाऊन बाहेर थांबलेल्या जीपमध्ये बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

काही आठवड्यांनी श्रीरंग वडापच्या, प्रवाशांनी खच्चून भरलेल्या जीपमधून गंगापूरला उतरला. पत्ता विचारत गल्लीत पोचला, तर तिथं पाण्याचा टँकर आलेला. इंजिन धडधडतंय, बायकांची लांबच लांब रांग, आणि त्यात दोन हंडे घेतलेली मनस्विनी.

"तू?"

"आई... आई कशा आहेत?"

"वॉकर घेऊन चालतेय. एवढं विचारायला आलास?"

"नाही. ते फोनवर विचारता आलं असतं."

"मग?"

"मला... तू..."

"काय? ऐकू येत नाही!"

"मला तू—"

"अरे, मोठ्यानं बोल!"

श्रीरंगनं डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडला, "मला तू आवडतेस!"

नेमकं त्याच क्षणी ड्रायव्हरनं टँकरचं इंजिन बंद केलं.

अख्खी रांग मागं वळली. नळीतून पाणी पडायचा आवाज तेवढा येत राहिला. श्रीरंगला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"ऐकलं तिनं बाबा, समद्या गल्लीनं ऐकलं," रांगेतल्या गोजरबाई म्हणाल्या. "आता हंडा लाव गं पोरी, पाणी वाया चाललंय!"

हसण्याची एकच लाट उसळली. मनस्विनीनं लाल झालेला चेहरा खाली घालून हंडा लावला.  तो भरत आला, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी जीपमधून मागं वळून बघायचं होतं मला. पण बघितलं असतं, तर... निघवलं नसतं."

  श्रीरंग तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"उभा काय राहिलास? उचल हंडा," ती म्हणाली. "आईला काय सांगायचं ते वाटेत ठरवू. घर जवळच आहे... जरा सावकाश चल."