पाण्याचा निळा, विटांचा लाल

भंडारदऱ्याच्या पाटबंधारे कचेरीत ड्राफ्ट्समन रंगनाथ बोर्डावर वाकून कालव्याचा छेद आखत होता. साल एकाहत्तर, बाहेर भाद्रपदातली भुरभुर. दमट हवेने ट्रेसिंगचे कापड सैलावू नये म्हणून त्याने खिडकी लावून घेतली होती. तरीही कुठूनसा एक इवलासा कोळी टुणकन उडी मारून शाईच्या ओल्या रेषेपाशी येऊन बसला. त्याला उडवण्यासाठी रंगनाथने गाल फुगवले, तोच...

"फुंकू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."

दारात एक तरुणी उभी होती. पदराची कड भिजलेली, हातात काचेची नळी. रंगनाथने खरोखरच श्वास रोखला. तिने चवड्यांवर येऊन नळी अलगद कोळ्यावर उपडी घातली आणि मग म्हणाली, "आता घ्या."

ती सुमेधा. संगमनेरच्या एका शिक्षकांची मुलगी. पुण्यात प्राणिशास्त्राचे संशोधन करीत होती आणि इथे मावशीकडे उतरली होती. कचेरीत आली होती ती रानवाटांचा नकाशा मागायला. पण नकाशा बाजूलाच राहिला. जाळे न विणता झेप घेऊन भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्यांपैकी तो एक नर होता, पण असा नर तिने आजवर पाहिला नव्हता. मस्तकावर मोरपिसाची निळी झाक, डोळ्यांवर लाल पट्टी, काळ्याभोर पाठीवर पांढरी नक्षी, पुढच्या लांब पायांना झालर. समोरचे दोन टपोरे डोळे तर असे रोखून पाहत होते, की रंगनाथने नकळत कॉलर नीट केली.

अडचण एवढीच, की स्पिरिटमध्ये ठेवताच हे रंग उडून जाणार होते. जिवंतपणीच अचूक चित्र हवे होते. सुमेधाने आपण काढलेला एक कोळी दाखवला. तो बराच वेळ न्याहाळून, हा बटाटा आहे का, असे रंगनाथने अदबीने विचारले. ती हसली खरी, पण लगेच गंभीर झाली. वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर संशोधनात काही नवे हाती लागले नाही, तर नाशिकच्या स्थळाला होकार कळवायचा होता.

रंगनाथ दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटल्यावर मावशीच्या ओसरीवर येऊ लागला. बरोबर भिंग, बारीक ब्रश आणि कचेरीच्या नकाशांतले रंग... पाणी दाखवायचा निळा आणि विटांचे बांधकाम दाखवायचा लाल. तेच एकमेकांत मिसळून तो मोरपिसाची झाक शोधत राही आणि ती त्याच्या खांद्यावरून पाहत राही. तिचा श्वास मानेजवळ जाणवला, की ब्रश क्षणभर थबके.

पहिल्या चित्रात त्याने कोळी वरून आणि बाजूने दाखवला.

"आणि समोरून?" तिने विचारले. "मुलगी पाहायला गेलात, तर तिलाही माडीवरूनच पाहून याल?"

"अजून कुठे गेलो नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उगाच भिंग पुसू लागली.

दुसरे चित्र फार देखणे झाले, आणि तिथेच घोटाळा झाला. मध्यरेषेच्या एका बाजूचे अर्धे आखायचे आणि कागद उलटून दुसरे अर्धे उतरवायचे, ही ड्राफ्ट्समनची रीत. पण कोळ्याचा पुढचा डावा पाय कधीतरी तुटून नव्याने उगवला होता. तो आखूड होता. रंगनाथच्या कागदावर दोन्ही पाय सारखे होते.

"मला दुरुस्त केलेला नकोय, रंगनाथराव," ती हळू आवाजात म्हणाली. "आहे तसा हवाय. हे चित्र घेऊन गेले, तर माझ्या बाकीच्या शब्दांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

त्याने चित्र स्वतःच फाडले आणि नवा कागद लावला. चित्र जमले, तर ती पुण्याला जाणार. न जमले, तर नाशिकला. दोन्हीकडून ती इथे राहणार नव्हतीच. हे कळत असूनही त्याचा हात पूर्वीपेक्षा जपून चालू लागला.

एके दुपारी तिला हिरड्याच्या पानाखाली त्याच जातीची मादी सापडली... मातकट, साधी. काचेच्या पसरट भांड्यात दोघांना सोडताच नराने पुढचे दोन्ही पाय उंचावले आणि तिरपी पावले टाकत तो नाचू लागला. इकडे दोन पावले, तिकडे दोन; आखूड पायही तितक्याच ऐटीत वर. मादी स्तब्ध.

"तिला नाही आवडलं, तर?" रंगनाथने विचारले.

"तर ती त्याला खाऊन टाकते."

चहा घेऊन आलेली बनुबाई भांड्यात डोकावली. मावशीकडे ती वरकामाला होती. "आगं बया, कातिनीम्होरं हात वर करून नाचतोय की," ती म्हणाली. "जिवाची बी पर्वा न्हाई त्येला. न्हाईतर काई जनं... रोज येत्यात, चा पित्यात, आन् जात्यात."

रंगनाथने ओठांपाशी नेलेली बशी खाली ठेवली. सुमेधा भांड्यावर इतकी वाकली, की तिचा चेहरा कुणालाच दिसला नाही. कोळी मात्र मादीपर्यंत पोहोचला होता.

तिसरे चित्र नवरात्राआधी पूर्ण झाले. ते आणि स्पिरिटमध्ये ठेवलेल्या कोळ्याची बाटली घेऊन सुमेधा पुण्याच्या एस.टी.त बसली. खिडकीपाशी उभा राहून रंगनाथने चित्राची गुंडाळी ओली होऊ देऊ नका, एवढेच सांगितले. दुसरे वाक्य ओठांवर येईतो गाडी वळणाआड गेली.

दिवाळीच्या तोंडावर, बाजारच्या दिवशी, ती त्याच थांब्यावर उतरली. रंगनाथ भाजी घेत होता. तिला पाहताच हातातली पिशवी भाजीवालीकडेच विसरून पुढे आला. बाटलीतला कोळी पार फिकटला होता, असे तिने सांगितले. तिच्या संशोधनाच्या सरांनी तो आणि चित्र शेजारी ठेवून भिंगाखाली पाय अन् पाय पडताळला. असा नमुना त्यांच्याही पाहण्यात नव्हता. काम पुढे चालू राहणार होते. नाशिकला नकार गेला होता.

"सरांनी विचारलं, चित्र कुणी काढलं?"

"मग?"

"मी म्हणाले, माझे होणारे..." ती थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पुढचं सर समजले. आता तुम्ही नाही म्हणालात, तर मला पुण्याला जाऊन सांगावं लागेल, की मी खोटं बोलले."

रंगनाथने तिची बॅग उचलली. आयुष्यात कधी नव्हे ते, काहीही न मोजता तो बोलला.

"सरांना पुन्हा कशाला त्रास द्यायचा? रविवारी मी संगमनेरला येतो... तुझ्या वडिलांना भेटायला."