दादाचा टोन

ऐकीव नाही, पोरांनो. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात समोरच्या टेबलावर बसायचा ना, त्या गिटारवाल्याचं सांगतोय. गेल्या मार्चची बारा तारीख, गुरुवार. दुकान बंद करून तो थोरल्या भावाकडे सामान आणायला गेला. गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अ‍ॅम्प आणि तो बदलणारी तीन पेडलं, एवढंच.

थोरला गिटार वाजवायला लागला की लोक बोलायचं थांबायचे. असा टोन धाकट्याला कधी साधला नाही. आता थोरला तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. धाकट्याने न विचारताच वायरी गुंडाळायला घेतल्या.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे अजून जिवंत आहेत. दिवसभर त्या अ‍ॅम्पकडेच बघत पडलेले असतात."

"बघून आवाज निघतो का, वहिनी?"

हसला आणि भावाच्या डोळ्यांदेखत एकेक खोकं उचललं. भावाच्या तोंडून नुसतं "न... न..."

रात्री पावणेबारा. माझ्या दुकानाखालच्या तळघरातली त्याची सरावाची खोली. एक अ‍ॅम्प स्वच्छ आवाजाचा, दुसरा खरखरीत. त्याने गिटारचा आवाज दोन्हींत सोडला, मध्ये प्रतिध्वनीचं पेडल जोडलं. बटणं भावाने ठेवलेली, तशीच. तरी आवाज बसका. मग खरखर थोडी उतरवली, प्रतिध्वनी लांबवला, तार छेडली.

आला! हुबेहूब दादाचा टोन. आनंदाने त्याचे डोळे भरले.

हात थांबवला. प्रतिध्वनी विरत गेला. विरत गेला... आणि पुन्हा चढला.

तो वाजवत नव्हता.

स्वच्छ अ‍ॅम्पमधून सूर. खरखरीतमधून... श्वास.

त्याने पेडल बंद केलं. गिटारची वायर उपटली.

सूर चालूच.

फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी... गेले हो. आत्ताच."

मागून अ‍ॅम्प बोलला. शब्द आता अडखळत नव्हते.

"हात दे."

...

सकाळी दार मी उघडलं. धाकटा जिवंत होता. गिटार मांडीवर, डावा हात लाकूड झालेला. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. आजही त्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही.

तिकडे भावाला उचलायच्या आधी वहिनीने मला बाजूला बोलावलं. चादर सारली. त्याचा लुळा डावा हात माझ्यापुढे धरला.

अंगठा सोडून चार बोटं. चारही टोकांवर तारांचे वळ. ताजे, लालभडक.