वारा असला की सुरू होत नाही

त्या दुपारी मला दवाखान्यात धुतलेल्या चादरी पोचवायच्या होत्या, एवढंच. बोचकं मागच्या सीटवर दोरीनं आवळलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली नाही.

जुनी मोटरसायकल, रुसणारच, असं कोणीही म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं. पण रुसण्यालाही काही रीत असते. ही एक दिवस पहिल्या किकला सुरू व्हायची, दुसऱ्या दिवशी माझा घाम काढायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शहाण्यासारखी वागायची. गार असताना नाटक करते म्हणावं तर तसं नाही, तापल्यावर करते म्हणावं तर तसंही नाही.

गाडी मुळात आमची नव्हती. मी आणि माझी धाकटी बहीण मिळून लाँड्री चालवतो. आईवडील लवकर गेले, तिला मीच वाढवलं. तिच्यासाठी मावशीनं स्थळ आणलं, एका कचेरीतला कारकून. विधुर होता, मूलबाळ नव्हतं, पहिली बायको झोपेत गेली म्हणाले. बोलायला इतका मऊ की ऐकताना पुढे वाकावं लागायचं. लग्न ठरल्यावर त्यानं आपली मोटरसायकल आम्हालाच देऊन टाकली. "माझ्याकडे नुसती पडून आहे, ताई. तुमच्या बोचक्यांना उपयोगी पडेल." मावशी त्याचं कौतुक घरोघर सांगत फिरली. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याच्या दारात ती पहिल्या किकला सुरू झाली. मिस्त्रीनं माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी अजून विसरलेली नाही.

"ताई, चोक ओढता ना?"

"ओढते."

"किक पूर्ण खाली मारता?"

"तुझ्या पाठीत मारून दाखवू का?"

बाकड्यावर चहा पीत बसलेले दोघं खिदळले. मिस्त्रीनं प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून साफ केला. तिथे चालू, घरी आणली की बंद. पुन्हा ढकलत नेली की तिथे चालू. शेवटी तो म्हणाला, "जावई येऊ द्या तुमचे. बाईमाणसाचा पाय हलका पडतो." ओल्या चादरींची बोचकी घेऊन जिना चढणारा माझा पाय, आणि तो हलका! बोलणाऱ्याचं पोट बाकड्याला टेकलेलं.

"बरं, नेमकी कधी बंद पडते ते तरी सांगा."

मी आठवून आठवून म्हटलं, "वारा असला की."

तो इतका हसला की हातातला पाना खाली पडला. "ऐका रे, गाडीला वारा लागतो म्हणे."

मी तशीच घरी आले. राग आला की मला घरात बसवत नाही, हात कशाला तरी लागतात. लाँड्रीच्या मागे पत्र्याची खोली आहे, गाडी तिथे असते. वर एक जाळीची खिडकी, पुढे पत्र्याचं दार. त्या दाराला अडकवायला काही नाही, म्हणून वारा सुटला की ते आपसूक लागतं. मी दार उघडं राहावं म्हणून त्याला दगड लावला आणि किक मारली. सुरू. गाडी बंद केली, दगड काढला, वाऱ्यानं दार लागलं. किक मारली. एकदा फुरफुरली आणि मेली. पुन्हा दगड लावला. सुरू.

हे सांगायला मिस्त्रीकडे गेले तेव्हा मात्र तो हसला नाही. "दाराचा आणि गाडीचा काय संबंध? तुमच्या खोलीत कोणीतरी लपून चेष्टा करतंय, ताई. सायलेन्सरच्या तोंडावर हात दाबून धरला की धुराला वाट मिळत नाही. मग इंजिन गुदमरतं. गल्लीतली पोरं असतील."

आता पोरांचं बघते, म्हणत मी परत आले. वारा होताच. खोलीत शिरले, दार मागे लागलं. कोपरे पाहिले, पिंपामागे पाहिलं, कोणी नाही. जाळीतून येणारा उजेड टाकीवर पडला होता, मागचं चाक अंधारात. किक मारली. फुरफुर... आणि शांत.

तेव्हा वास आला. पेट्रोलचा नव्हे. दवाखान्याच्या चादरी इतकी वर्षं धुतल्यावर एक वास ओळखीचा होतो. ज्या चादरीवर रात्रीत माणूस गेलेलं असतं, तिला तो असतो. साबण लागेपर्यंत राहतो. तो वास माझ्या गाडीच्या मागून येत होता.

मी पोराचा कान धरायच्या तयारीनं खाली वाकले आणि सायलेन्सरच्या टोकाकडे हात नेला. तिथे हात होता.

पोराचा नव्हता. बाईचा होता, लहान, हाडं जाणवणारा, थंडगार. पंजा तोंडावर घट्ट दाबलेला. मी त्याच्या मागे चाचपडलं तर मनगटापलीकडे काहीच नव्हतं... नुसती हवा. भीती वाटायला हवी होती. पण दिवसचे दिवस ज्यानं मला चारचौघांत खोटं पाडलं, ते माझ्या हाताला लागलं होतं. मी मनगट धरलं आणि ओढलं.

"सोड," मी म्हटलं. "सोड म्हणते ना."

तो सुटला नाही. उलट आणखी जोरानं दाबला गेला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याची बोटं माझ्या बोटांत अडकली. गर्दीत आईचा हात सुटू नये म्हणून लेकरू धरतं, तशी. तळवा मधोमध भाजून सोललेला होता... ते माझ्या बोटांना कळलं. मला अडवायचं म्हणून ते तिथे नव्हतंच. ते घाबरलं होतं. धूर खोलीत येऊ नये म्हणून त्यानं भोक बुजवून धरलं होतं.

माझा राग तिथून उठला आणि ही गाडी देणाऱ्या माणसावर जाऊन बसला.

संध्याकाळी मावशीला विचारलं, "त्याची बायको कशी गेली नेमकी?"

"झोपेत ग. बघणारे सांगतात, निजल्या जागी गाल लालबुंद होते. रंग लावल्यासारखे."

"झोपायची खोली कुठे होती?"

"मागे. गाडीची खोली नि ती खोली, मध्ये एक दार तेवढं. तुला कशाला ग पंचायती? लग्न तोंडावर आलंय, बहिणीचं भलं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी कारकुनाला निरोप धाडला, गाडी सुरू होत नाही, येऊन बघा. तो दुपारी आला, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. धाकटीला मी दुकानातून हलू दिलं नाही. त्याला खोलीत घेतलं, दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिले.

"ताई, दार उघडं असू द्या ना."

"वाऱ्यानं लागतं ते."

"बाहेर काढून बघू या का?"

"बाहेर चालते. इथेच नाही चालत. मारा किक."

तो हसल्यासारखं करत गाडीकडे गेला, पण हात हँडलवर ठेवेना. "बंद खोलीत गाडी सुरू करू नये, ताई. धुरानं माणूस जातं... कळतसुद्धा नाही त्याला."

"तुम्हाला बरं ठाऊक."

मग दाखवायचं म्हणून असेल किंवा माझ्यापुढे कमीपणा नको म्हणून असेल, त्यानं किक मारली. हलकीच.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्या खोलीत, दार बंद असताना, पहिल्यांदाच.

धूर यायला लागला. माझ्याकडे आला नाही, मी शपथेवर सांगते. जमिनीलगत सरकत त्याच्याकडे गेला, त्याच्या पायांवरून चढला, छातीपर्यंत आला. त्यानं चावी फिरवली, काढून हातात घेतली. इंजिन चालूच.

"बंद होत नाही... ताई, दार..."

"आधी सांगा."

"ती झोपली होती. मी गाडी गरम करत ठेवली होती, नेहमीसारखी. मला वाटलं..."

"दोन खोल्यांमधलं दार?"

तो शर्टाच्या बाहीनं तोंड झाकायला लागला.

"ते उघडं होतं. आणि बाहेरचं? बाहेरचं लावलेलं होतं ना?"

तो खोकत गुडघ्यावर बसला. त्याला तिथेच ठेवावं असं माझ्या मनात आलं. मग धाकटी आठवली, दुकानात एकटी बसलेली, आणि मी दार उघडलं. तो रांगत बाहेर पडला, उठला आणि मागे न बघता गल्लीतून चालत गेला. तो वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा गाडी आपोआप थांबली. मी सायलेन्सरच्या टोकापाशी हात नेऊन पाहिला. तिथे कोणी नव्हतं.

लग्न मोडलं. मावशीनं बोलणं टाकलं. गल्ली म्हणाली, थोरलीचं झालं नाही म्हणून धाकटीचंही होऊ देईना. पोलिसांकडे जा, असं मला कोणी सुचवलं नाही, आणि मी तरी काय सांगणार होते, सायलेन्सरवर हात होता म्हणून? तो मात्र कचेरीत जातो, सगळे त्याला नमस्कार करतात. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, तू म्हणतेस ना, मग बास." गाडी आता कधीही सुरू होते, वारा असो नसो.

मग कानावर आलं की त्याला दुसरं स्थळ सांगून आलंय. विधुराला मुली द्यायला लोकांची रांग, आणि कोणी विचारत नाही की आधीची गेली कशी. मी पत्ता काढला आणि त्या घरी गेले. मुलीच्या आईनं स्वयंपाकघरात पाट दिला. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. पडद्यामागे मुलीची पावलं दिसत होती.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या बहिणीचं फिसकटलं, वाईट वाटतंच माणसाला," ती म्हणाली. "पण माणूस चांगला आहे हो. हल्ली मध्येच त्याचा श्वास अडकतो तेवढं, मग आपोआप येतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही. फार स्वच्छ. परवा इथे आला तर दोनदा तोंड धुतलं त्यानं."

मी उठले. तिला काहीतरी आठवलं. आत जाऊन ती एक पांढरा टॉवेल घेऊन आली.

"आलाच आहात तर एवढं सांगा, तुमचं रोजचंच काम. त्यानं याला तोंड पुसलं. मी सोड्यात घातला, उकळला, काही जात नाही. कसला डाग असेल?"

मी टॉवेल मांडीवर पसरला. काजळी होती. मधे तळवा, वर चार बोटं, बाजूला अंगठा. तोंड दाबून धरावं तशी बोटं ताणलेली. मी माझा हात त्यावर ठेवला. माझा मोठा होता.

"उकळलात म्हणता?"

"दोनदा."

मी हात उचलला. माझ्या बोटांना काळं लागलं होतं. ओलं... आणि कोमट.