चौदा केशरी फिती

सरकून बसा. टकर, तुझी बंदूक आधी तंबूत ठेव. मेसी, तू त्या गोळ्या चाळवणं थांबव. हलकी बरी की जड, यावरून तुम्ही दोघं जेवल्यापासून भांडताय. माझ्या मेहुण्याचं, वेंडेलचं काय झालं ते ऐका, मग काय ते ठरवा.

२०२४ साल. सप्टेंबरची सतरा तारीख, मंगळवार. पौर्णिमा होती आणि चंद्राच्या कडेला जरासं ग्रहणही होतं.

वेंडेल सकाळी गावात आला तो टोप्या घ्यायला. ठासणीच्या बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या टोप्या संपल्या होत्या, एवढंच काम. दारूगोळ्याच्या दुकानात गल्ल्यावर नेटी होती. नेटीच्या जिभेला हाड नाही, पण गोळ्यांतलं तिला जेवढं कळतं तेवढं या खोऱ्यात कुणाला कळत नाही.

"गोळ्या कुठल्या वापरतोयस?"

"बाबांच्या साच्यातल्या. गोल, हलक्या."

"एल्कला? घोड्याएवढ्या त्या हरणाला? सशांवर निघालायस की काय?"

"बाबांच्या बंदुकीत लांबट गोळी भरकटते गं. गोल गोळी कशी, म्हणशील तिथे लागते."

"लागेल रे. पण आरपार जाईल का? पलीकडून बाहेर पडली नाही तर रक्त सगळं आतच राहतं. मग माग कसा काढणार, वास घेत? गोलच वापरायची तर साठ पावलांच्या आत. त्यापुढे हात आवरायचा."

"आवरतो, माझे आई," वेंडेल म्हणाला आणि टोप्यांची डबी खिशात टाकून निघाला.

आवरणार होता, अगदी मनापासून. पण सलग सहा वर्षं शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत त्याचं नाव निघालं नव्हतं, ते यंदा कुठे निघालं, आणि त्या संध्याकाळी पावणेसातला ब्लेकली ओढ्याच्या वर एक नर उभा राहिला. शिंगं म्हणजे नुसता वाळलेला झाडोरा. अंतर सव्वाशे पावलं. वेंडेलनं बार काढला.

धूर विरला तेव्हा एल्क पाठ वाकवून झाडीत शिरताना दिसला. लागली होती. पण नीट लागली नव्हती.

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे वेंडेलच्या बाबांनी, पोरांना एकच गोष्ट बजावली होती. जखमी जनावर रानात तडफडत सोडून घरी यायचं नाही. आलात तर दार उघडणार नाही. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण वेंडेलला आधी आठवलं ते ते दारच. तासभर थांबावं, जनावराला आडवं होऊ द्यावं, हेही त्याला सुचलं नाही. घाईघाईत त्यानं बंदूक पुन्हा ठासली आणि तो निघाला.

रक्त मिळालं. चांगलं भरपूर, ताजं. जिथे थेंब दिसेल तिथे फांदीला केशरी फीत बांधायची, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावराची दिशा कळते. त्याने एक बांधली, दुसरी बांधली. अंधार पडल्यावर कपाळावरचा दिवा लावला. ओढा ओलांडताना घसरून कमरेपर्यंत भिजला, तरी चालत राहिला. नऊ वाजेपर्यंत चौदा फिती झाल्या. सोबत आणल्या होत्या तेवढ्याच.

मग त्याने मान वर केली.

पुढे पंधरावी फीत होती.

बांधलेली. केशरीच. पण त्याच्या डोक्याच्या दोन हात वर. तिच्या खाली रक्त... ओलं.

"कोण आहे?" वेंडेल म्हणाला.

त्याने दिवा झाडीत फिरवला.

"अरे, माग माझा आहे! मी मारलाय तो!"

त्याच्यापुढे आणखी एक फीत. तशीच उंच. परत फिरायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण कुठे तरी ते जनावर श्वास ओढत असेल... त्याचे पाय पुढेच गेले.

मोकळी जागा आली. चांदणं होतं. एल्क उभा होता.

वीस पावलांवर. पळत नव्हता. नुसता बघत होता.

रात्री बार काढायचा नाही हा कायदा आहे. वेंडेल म्हणाला, दंड भरीन. त्याने नेम धरला आणि घोडा ओढला. टोपी फुटली. टक्. बार झाला नाही. दुसरी टोपी लावली. टक्. तिसरी...

एल्क एक पाऊल पुढे आला.

वेंडेलनं ठासायचा गज काढून नळीत सोडला. गजावर खूण असते, ठासलेल्या बंदुकीत ती नळीच्या तोंडाशी राहते. ती आत गेली. बोटभर आत. तेव्हा त्याला कळलं. दारू ओतायची राहिली होती. त्याने नुसती गोळी ठासली होती.

आता ती गोळी काढायची कशी? गोळी उपसायचं हत्यार गाडीत होतं. अंधार, बोटं बधिर. समोर ते जनावर, त्याला सोडवताही येत नाही आणि पाठ फिरवून जाताही येत नाही. मोठा बाप्या माणूस, पण तिथेच रडायला लागला. "माफ कर," म्हणाला. "माफ कर रे..."

दिवा मंदावला. विझला.

ढग आला. काही दिसेना. त्याने मागे हातानं चाचपडलं, एक जाड बुंधा लागला. तो टेकून बसला.

बुंध्याच्या पलीकडे काहीतरी जड... खाली बसलं.

श्वास. लांब. ओला.

रात्रभर.

रात्री तो घरी आला नाही म्हणून मी आणि नेटी शोधायला निघालो, आणि सकाळी सातला तो आम्हाला सापडला. त्याची पँट गोठून कडक झाली होती. पाठ मात्र ऊबदार. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हा जिवंत कसा?" नेटी त्याला खाली घेऊन गेली, मी एल्कच्या शोधात मागे राहिलो.

तो सापडला, पण उलट दिशेला. जिथून बार काढला होता त्याच्या पलीकडच्या घळीत. आदल्या संध्याकाळीच मेलेला, लाकडासारखा ताठ. आत शिरलेली गोळी पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली. जमिनीवर रक्ताचा टिपूस नव्हता. वेंडेलच्या चौदा फिती मी एकेक करून सोडवल्या. त्यांच्याखालीही नव्हता. उंचावरची एकही फीत मला दिसली नाही.

बंदूक आणायला त्या झाडाशी परत गेलो तेव्हा दहा वाजले होते. तिथे ऊन पोचत नाही. सगळीकडे पांढरं दहिवर. फक्त बुंध्याच्या पलीकडे, पलंगाएवढ्या जागेत, गवत दबलेलं, हिरवं. खुराचा ठसा ना येताना, ना जाताना.

मी खाली बसलो. हातमोजा काढला. तळवा टेकवला.

ते गवत अजून गरम होतं.