माणदेशातली भरती

चारशे लिटर खाऱ्या पाण्यात पाच मासे सोडले होते. विसाव्या दिवशी दोनच उरले, आणि दगडांवर, काचेवर, पंपाच्या नळीवर हिरव्या केसांसारखे शेवाळ लोंबू लागले. कोडे असे होते, की केतकी तांडेलने काहीच चुकवले नव्हते.

केतकी सातवीत होती. ती राहायची नव्या शिंपलेवाडीत, म्हसवडच्या पलीकडच्या कोरड्या माळावर. जुनी शिंपलेवाडी मालवणच्या बाजूला, अगदी लाटांच्या शेजारी होती. समुद्राची पातळी वर्षागणिक चढत गेली आणि एका वर्षी पाणी घरांच्या चुलींपर्यंत आले. मग साठ घरांची माणसे इकडे, सह्याद्रीच्या या बाजूला वसवण्यात आली. केतकी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला समुद्र आठवत नव्हता. समुद्र आठवणारी माणसे तेवढी ठाऊक होती. तिचे आजोबा रोहिदास तांडेल रोज संध्याकाळी पश्चिमेच्या ओट्यावर बसत. समोर कुसळांचा माळ आणि लांबवर पवनचक्क्या. तरी ते डोळ्यांवर हात धरून बघत राहत, एखादी होडी यायची बाकी असल्यासारखे.

आजोबा काय बघतात, ते आपल्यालाही एकदा दिसावे, असे केतकीला फार वाटे. म्हणून वस्तीच्या वाचनालयात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचे ठरले, तेव्हा ती सांभाळण्यासाठी पहिला हात तिने वर केला.

टाकीमागे एक मोठी आशा होती. शिंपलेवाडीसमोर समुद्रात कासवखडक नावाचा खडक होता आणि त्यावर प्रवाळ (फुलांसारखे दिसणारे, स्वतःभोवती दगडाचे घर बांधणारे बारीक प्राणी) वाढत असत. पाणी तापले तसे ते सगळे पांढरे पडून मेले. त्याआधी कोणीतरी त्यांचे काही तुकडे काढून किनाऱ्यावरच्या रोपवाटिकेत जपले होते. त्यातला एकच आता उरला होता. नव्या शिंपलेवाडीने तो मागितला, तेव्हा रोपवाटिकेने अट घातली: पुढच्या तपासणीपर्यंत टाकी निरोगी दिसली पाहिजे. नाहीतर तो तुकडा दुसऱ्या वस्तीला जाईल. तपासणीला महिना उरला होता आणि मासे मरत होते. वर्गातली मुले टाकीला ‘केतकीचा दवाखाना’ म्हणू लागली होती.

टाकीच्या आत लिंबाएवढे एक यंत्र काचेला चिकटून फिरत असे. मुलांनी त्याचे नाव खलाशी ठेवले होते. खलाशी पाण्याची मोजमापे घेई आणि विचारले की सांगे. पाण्याबाहेरचे त्याला काही दिसत नसे.

दर गुरुवारी रोपवाटिकेच्या डॉ. नसीमा मुकादम पडद्यावर येत. त्या पंचाहत्तरीच्या होत्या. बोलताना मध्येच चहाचा घोट घेत आणि केतकीला कधीही घाई करत नसत. त्या गुरुवारी केतकीने एका छोट्या काचनळीत टाकीतले पाणी घेतले, त्यात तपासणीचे थेंब टाकले आणि नळी पडद्यासमोर धरली. पिवळे राहायला हवे होते ते पाणी हिरवे झाले होते.

“अमोनिया,” मुकादमबाई म्हणाल्या. “आता मला सांग, तू टाकीत जे घालतेस, ते जातं कुठे?”

“मासे खातात.”

“आणि मग?”

मग बाईंनी तिला सावकाश समजावले. माशांच्या खाण्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र (आपल्या अंगात आणि हवेतही असणारे एक मूलद्रव्य) असतो. मासे खातात, त्यांच्या अंगातून अमोनिया (तीव्र वासाचे, माशांच्या कल्ल्यांना जाळणारे द्रव्य) बाहेर पडतो. न खाल्लेले अन्न कुजले तरी तोच तयार होतो. दगडांवर आणि वाळूवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. त्यांची एक टोळी अमोनिया खाते आणि त्यापासून नायट्राइट (नत्राचेच आणखी एक विषारी रूप) बनवते. दुसरी टोळी ते नायट्राइट खाऊन नायट्रेट (नत्राचे त्यामानाने निरुपद्रवी रूप) बनवते. टाकी पहिला महिनाभर माशांविना ठेवायला सांगितली होती ती याचसाठी. या टोळ्यांना वस्ती करायला वेळ लागतो.

“मग शेवाळ कशामुळे?” केतकीने विचारले. ती रोज हाताने ते उपटत होती, आणि ते रोज परत येत होते.

“शेवाळाला नायट्रेट आवडतं. त्याच्यावर कशाला रागावतेस? कोणीतरी पंगत वाढलीय, म्हणून ते जेवायला बसलंय.”

पण पंगत वाढली कोणी? केतकी रोज मोजून दोन ग्रॅम खाणे घाली. बाईंनी तिच्याकडून एक गणित करून घेतले. दोन ग्रॅम खाण्यातून किती नत्र टाकीत जातो ते काढले, आणि खलाशीच्या नोंदींवरून पाण्यात किती नत्र वाढला ते काढले. उत्तर तिसऱ्यांदा तपासले तरी तेच आले. पाण्यात वाढलेला नत्र हा आत गेलेल्या नत्राच्या जवळजवळ तिप्पट होता.

“वस्तू हवेतून येत नाही,” बाई म्हणाल्या. “जिवाणू आहेत तेवढे दोन ग्रॅमचं काम करतात. त्यांच्यावर अचानक सहा ग्रॅमचं काम पडलं, तर त्यांची संख्या वाढेल, पण सावकाश. तोवर अमोनिया साचतो. शोध कोण घालतंय ते.”

केतकीने वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला विचारले, माशांना तुम्ही काही खायला घालता का? वर्तमानपत्र वाचणारे, बुद्धिबळ खेळणारे, पुस्तकांची पेटी दुरुस्त करायला आलेला सुतार, सगळे नाही म्हणाले. आजोबाही नाही म्हणाले, आणि आजोबा खोटे बोलत नसत.

शनिवारी दुपारी उरलेल्या दोघांतला पट्ट्यांचा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. केतकीने पंपाची हवा वाढवली आणि तो कसाबसा सावरला. ती काचेला कपाळ टेकून बसली. “खलाशी, गेल्या चार दिवसांत वेगळं काय झालं? काहीही सांग.”

“पाणी हललं,” खलाशी म्हणाला. “बुधवारी सव्वाआठ. गुरुवारी नऊ. शुक्रवारी पावणेदहा. आज साडेदहा. त्यानंतर दर वेळी पाण्यावर तेलाचा पातळ थर.”

या सगळ्या वेळा तिच्या शाळेच्या होत्या. शनिवारीही सकाळची शाळा असे. तिने लगेच मुकादमबाईंना कळवले. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

“रोज पाऊण तास उशिरा,” त्या म्हणाल्या. “असं कोण येतं सांग बघू?”

“चंद्र?”

“चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आणि चंद्राच्या ओढीनेच समुद्राला भरती येते, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पण ही पन्नास नाहीत, नेमकी पंचेचाळीस आहेत. याचा अर्थ हा चंद्र नाही. हा डोक्यात हिशेब करणारा माणूस आहे.”

मग त्यांनी तिला जुन्या दर्यावर्दी लोकांचा हिशेब सांगितला. घड्याळ नसताना ते भरतीची वेळ तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट करायची, की तास मिळतात. बुधवारी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. मुलांनो, तुम्हीही करून बघा: बारसेचे नऊ, तेरसेचे पावणेदहा, चतुर्दशीचे साडेदहा.

“उद्या पौर्णिमा,” केतकी हळूच म्हणाली. “पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.”

“उद्या रविवार आहे, तू तिथे बसशील. पण एक ऐक. जो येईल त्याला ‘घालू नका’ म्हणू नकोस. घातलेलं कुठे जातं, ते दाखव.”

रविवारी अकरा वाजता केतकी नकाशांच्या कपाटामागे स्टूल घेऊन बसली. सव्वाअकराला दार वाजले आणि आजोबा आत आले. त्यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या होत्या. टाकीपाशी येऊन त्यांनी सदऱ्याच्या खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली. त्यात मूठभर खोबरे आणि भाताची शिते होती. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि पुडीतले सगळे हलकेच पाण्यात सोडले. मग बोटाला लागलेले खारे पाणी त्यांनी जिभेवर ठेवले.

केतकीला बाहेर यायचे होते, पण ती कपाटामागेच थांबून राहिली. आजोबांच्या चेहऱ्यावर जे होते, ते तिने ओट्यावर कधी पाहिले नव्हते. ते कुठेतरी पोचले होते.

शेवटी ती पुढे आली. आजोबा दचकले नाहीत.

“आजोबा, तुम्ही तर म्हणाला होतात, माशांना काही घालत नाही.”

“माशांका खय घातलंय, बाये? मी समुद्राक दिलंय,” ते म्हणाले. “होडी ढकलूच्या आधी समुद्राक देवचा लागता. नऊ वर्सां झाली, काय देवक गावला नाय. ह्या खारा पाणी बघलंय आणि...”

केतकीने विचारलेला प्रश्नच चुकला होता. तिने माशांबद्दल विचारले होते, आणि आजोबांच्या मनात मासे नव्हतेच.

तिने जाळीने खोबरे आणि शिते गोळा करून काढली. मग काचनळी घेतली, पाणी भरले, थेंब मोजायला नळी आजोबांच्याच हातात दिली. दोघे पाणी हिरवे होताना बघत राहिले. तिने नत्राची गोष्ट सांगितली: खोबरे कुजते, त्याचा अमोनिया होतो, दगडांवरच्या टोळ्या थकतात, उरलेले शेवाळाला मिळते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपतो. समुद्रात तेच खोबरे लाटांबरोबर शंभर दिशांना जाते. इथे त्याला जायला जागाच नाही.

आजोबांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, की उन्हाळ्यात वाळू साचून खाडीचे तोंड बुजायचे. आतले पाणी हिरवे व्हायचे, वास सुटायचा, आणि बोयटे मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. सगळी वाडी फावडी घेऊन जायची आणि वाळू फोडायची. भरतीचे पाणी आत आले, की दोन दिवसांत खाडी पुन्हा जिवंत.

“म्हणजे ही तोंड बुजलेली खाडी असा,” ते म्हणाले. “आणि मीच ती बुजवलंय.”

“तुम्ही एकट्याने नाही. टाकी असतेच तशी. तिला तोंड नसतंच.”

“मगे तोंड कोण फोडतलो?”

केतकीने टाकीकडे पाहिले, कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिले, आणि तिला एकदम सुचले. खराब पाण्याचा थोडा भाग काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालायचे, हे मुकादमबाईंच्या सूचनांत पहिल्या पानावर होते. ती ते आठवड्यातून एकदा, रविवारी, कंटाळत करायची.

“आजोबा, रोज वीस लिटर काढायचे, वीस लिटर घालायचे. भरतीच्या वेळेला. तुम्ही कराल?”

दुसऱ्या दिवसापासून आजोबा भरती झाले. आदल्या संध्याकाळी ते गाळलेल्या पाण्यात सातशे ग्रॅम समुद्री मीठ विरघळवून ठेवत. तिथीचा हिशेब करून येत, नळीने जुने पाणी काढत आणि नवे सावकाश सोडत. भरती दिवसातून दोनदा येते; हिशेबाची वेळ रात्री पडली, तर ते दुसरी धरत. केतकी शेवाळ उपटून टाकीबाहेर नेई. त्याच्याबरोबर त्याने खाल्लेला नत्रही बाहेर जाई. खाणे तिने निम्मे केले. आठव्या दिवशी काचनळीतले पाणी फिकट झाले, बाराव्या दिवशी पिवळे. पट्ट्यांचा मासा आता त्याच्या जोडीदाराच्या मागे लागून दगडांभोवती फेऱ्या मारू लागला. खलाशी ‘पाणी हललं’ म्हणायचा, तो आता ‘भरती आली’ म्हणू लागला. हे त्याला कोणी शिकवले, ते आजोबांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

पुढच्या पौर्णिमेला आजोबांनी अख्खा, न फोडलेला नारळ आणला. पाण्यावर टेकवला, क्षणभर तरंगू दिला आणि परत उचलला. “ह्या चलात?” त्यांनी केतकीला विचारले. केतकीने काचनळी दाखवली. पिवळे.

महिना संपला. तपासणीला मुकादमबाई स्वतः आल्या, वाटभर मांडीवर जपलेला एक डबा घेऊन. त्यात अंगठ्याएवढा करडा तुकडा होता, दगडासारखा मुका. आजोबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि टाकीतल्या सर्वांत उंच दगडावर बसवला. चार दिवस तो तसाच राहिला. पाचव्या दिवशी संध्याकाळी केतकीने पाहिले, तर त्याच्यावर मोहरीएवढी फुले उमलली होती आणि प्रत्येक फुलाचे तंतू पाण्यात हलत होते.

आजोबा काचेजवळ वाकले. “काय रे, ओळखलंस?” असे त्यांनी त्याला हळूच विचारले.

केतकीने मुकादमबाईंना फोन लावला. समुद्रात प्रवाळ मोठे झाले, की वर्षातल्या काही ठराविक रात्री, चंद्राच्या तिथीला धरून, सगळे एकाच वेळी अंडी सोडतात, असे बाईंनी मागे सांगितले होते. केतकीला हे विचारायचे होते, की इथे माळावर त्याला ती रात्र कशी कळणार?

“खिडकी उघडी ठेवा,” बाई म्हणाल्या. “समुद्र नसला, तरी चंद्र तोच आहे. कळेल की नाही, ते मलाही ठाऊक नाही. काही वर्षं लागतील. तू बघून मला सांग.”

त्या संध्याकाळी केतकी पहिल्यांदाच आजोबांशेजारी पश्चिमेच्या ओट्यावर बसली. माळावर अंधारून येत होते. आजोबांनी उद्याची तिथी सांगितली, अष्टमी. तिने मनातल्या मनात पाऊणपट केली.

“सकाळी सहा वाजता,” ती म्हणाली. “शाळेच्या आधी. उद्याची भरती मी आणते.”