धैद रोडच्या दोन शमी

गोपीनाथ सुताराला तुम्ही पाहिलंय, पोरांनो. थापा मारणारा माणूस नाही तो. म्हणून सांगतो.

गेल्या वर्षीची सतरा फेब्रुवारी, सोमवार. रात्री नऊला तो शारजाच्या औद्योगिक भागातल्या आपल्या गाळ्यावर निघाला. अबुधाबीला खलिफा सिटीत राहणाऱ्या शालिनीबाईंच्या देव्हाऱ्यासाठी एक ओंडका चिरायचा होता. मोतीबिंदूमुळे तो रात्री गाडी चालवत नाही, म्हणून लेक संपदा सोबत आली आणि फाटकापाशी गाडीतच मोबाइल बघत बसली.

ओंडका व्हिएतनामचा. गोपीनाथने बापजाद्यांच्या रीतीने त्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले. "इथे जे कुणी राहत असाल, त्यांनी दुसऱ्या झाडावर जावं." मग करवत लावली. ती किंचाळली आणि अडकली. लाकडात बंदुकीच्या दोन गोळ्या होत्या. समोरासमोरून आलेल्या, मध्ये जेमतेम बोटभर अंतर.

आवाज ऐकून शेजारच्या गाळ्यातला व्हिएतनामी वेल्डर आला. साठीचा माणूस, त्याने दोन्ही गोळ्यांवरून बोट फिरवलं. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं, की एकोणऐंशी साली याच तारखेला चिनी फौज त्याच्या मुलखात घुसली. दोन्हीकडे लाल झेंडे, आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना कॉम्रेड म्हणणारे. महिन्याभरात लढाई खलास. दोघेही म्हणाले, आम्हीच जिंकलो. पोरं मात्र डोंगरातच राहिली. मग त्याने हळदकुंकवाचं विचारलं, गोपीनाथने सांगितलं. वेल्डरने आवारभर नजर फिरवली. पत्रे, कंटेनर, वाळू.

"इधर पेड किधर है?" तो हळूच म्हणाला. "वो लोग किधर गया?"

फाटकापाशी गाडी टुणटुण वाजू लागली.

गोपीनाथ धावला. संपदा भेदरली होती. "बाबा, सीटबेल्ट अलार्म... मागच्या दोन्ही सीट्स दाखवतोय. बट देअर्स नोबडी." मागे कुणी नव्हतं. दोन्ही कडांना गादी दबली होती. मध्ये नाही. आणि संपदाचा स्वतःचा पट्टा काही केल्या सुटेना.

तो तिच्या शेजारी बसला. "चल. झाड शोधू."

शारजाबाहेर धैद रोडला वाळूत गाफ असतात. गाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. शस्त्रं ठेवायची जागा. त्या विचाराने त्याला धीर आला. पहिलं झाड दिसताच त्याने गाडी थांबवायला लावली, मागचं दार उघडलं, हात जोडले.

सीटबेल्टचा एक दिवा विझला.

दुसरा... नाही.

पुन्हा हात जोडले. नाही. दोघांनी ओंडक्यात शेहेचाळीस वर्षं शेजारी काढली होती. आता एका झाडावर नको होतं.

वळसा घालून दुसऱ्याला रस्त्यापलीकडे नेलं. बरोबर समोर दुसरी शमी. दार उघडलं...

टुणटुण थांबली. पट्टा आपोआप सुटला. संपदा बापाच्या गळ्यात पडून रडली.

महिन्याने तो दिवसाउजेडी एकटाच नमस्कार करायला गेला. संपदाच्या कॉलेजची बस रोज त्याच रस्त्याने जाते. शमीवर ठेवलेली शस्त्रं शमीवरूनच परत काढतात, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर आठवलं.

दोन्ही बुंध्यांना, रस्त्याकडच्या बाजूने, छातीच्या उंचीवर गोळीएवढी भोकं होती. डिंक अजून ओला होता.